आजीचं प्रार्थनापुस्तक, गळालेली पानं आणि एका शेजारकाकांचा प्रश्न

फत्तेगंजची_लेक

नमस्कार मंडळी, जय ख्रिस्त.

गेल्या महिन्यात माझे मामा गेले. दफनविधीला दांडिया बाजारातले आमचे जुने शेजारी आले होते. तीस वर्षांचा घरोबा आहे, मी त्यांना काकाच म्हणते. कबरस्तानाच्या फाटकाशी चपला घालताना त्यांनी हळूच विचारलं, "बेटा, राग नको धरूस. सगळे पुस्तकात बघून प्रार्थना करत होते. माणूस गेलेलं असताना मनातलं काही बोलत नाही का तुमच्यात?"

त्या क्षणी मला उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न मनातून जाईना. म्हणून हा धागा. त्यात माझं एक कामही आहे, ते शेवटी सांगते.

आमचं घराणं नाशिककडचं. आजोबा रेल्वेच्या नोकरीत बडोद्याला आले आणि इथलेच झाले. आम्ही अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमधून आलेल्या परंपरेतले ख्रिस्ती. रविवारी देवळात उपासना गुजरातीत असते, घरात संध्याकाळची प्रार्थना मराठीत. लहानपणी याची मोठी गंमत वाटायची. प्रभूच्या प्रार्थनेत देवळात आम्ही 'दिवसनी अमारी रोटली आज अमने आप' म्हणायचो आणि घरी आजीबरोबर 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे'. मला खरोखरच वाटायचं की देव देवळात रोटली देतो आणि घरी भाकर.

आता काकांच्या प्रश्नाकडे. आमच्या परंपरेत 'तुमचा विश्वास काय?' असं विचारलं, तर उत्तर एखाद्या पंडिताच्या ग्रंथाकडे बोट दाखवून मिळत नाही. 'आमच्याबरोबर प्रार्थनेला बसा' असं मिळतं. जे मानायचं ते प्रार्थनेतच घातलेलं आहे. प्रार्थनापुस्तक पहिल्यांदा 1549 साली इंग्लंडमध्ये आलं, आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांच्या हातून. जुन्या चालीच्या मंडळ्या आजही वापरतात ती त्याची 1662 ची आवृत्ती आणि तिची भाषांतरं. रोजची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, प्रभुभोजन, बाप्तिस्मा, लग्न, आजाऱ्याची भेट, दफन, सगळं एका जिल्दीत. जन्मापासून मातीपर्यंत एकच पुस्तक पुरतं.

संध्याकाळची प्रार्थना पापांगीकारानं सुरू होते. सगळे गुडघे टेकतात, पाळकसाहेबही. तिथे एक वाक्य आहे, ते मी माझ्या शब्दांत सांगते: जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही, आणि जे करू नये ते केलं. यातला क्रम बघा. न केलेलं आधी येतं. चोरी केली, खोटं बोललो हे आपल्या लक्षात राहतं. आजारी मावशीला फोन करायचा राहिला, हे पाप म्हणून कधी सुचत नाही. मला तरी स्वतःहून सुचलं नसतं. पुस्तकानं ते माझ्या तोंडी घातलं आणि मग मला मावशी आठवली.

आणि ते 'आम्ही' आहे, 'मी' नाही. शेजारी गुडघे टेकून बसलेला कलेक्टर असो की झाडूवाला, शब्द तोच.

त्यानंतर पाळकसाहेब एकटे उभे राहून पापक्षमेची घोषणा करतात. मग प्रभूची प्रार्थना, मग स्तोत्रं. पवित्र शास्त्रातली 150 स्तोत्रं महिन्याच्या 30 दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटलेली आहेत. आमच्या घरात तारीख स्तोत्रावरून कळायची. चार तारखेला संध्याकाळी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. पंधरा तारखेला संध्याकाळी 78 वं, एकटंच, पण 72 ओव्यांचं, त्या दिवशी आजी कुकर आधीच लावून ठेवायची. मग जुन्या करारातला पाठ, मरियेचं गीत, नव्या करारातला पाठ, शिमोनाचं गीत, मतांगीकार (आम्ही काय मानतो ते सांगणारे ठरलेले शब्द) आणि शेवटी तीन छोट्या प्रार्थना.

आता माझं काम. आजीचं मराठी प्रार्थनापुस्तक माझ्याकडे आहे. पुठ्ठा गेलाय, आजीनं गोधडीच्या दोऱ्यानं पाठ शिवलेली आहे. पण संध्याकाळच्या प्रार्थनेतली मरियेच्या गीतापासून तिसऱ्या छोट्या प्रार्थनेपर्यंतची पानं नाहीत. रोज तिथेच उघडून उघडून गळाली. आजवर अडलं नाही, कारण आईला सगळं पाठ होतं. आई आता 81 वर्षांची आहे आणि हल्ली शिमोनाच्या गीतात मध्येच थांबते. कुणाकडे ती जुनी मराठी पानं आहेत का?

---

दांडिया_बाजारकर

ताई, मामांबद्दल वाईट वाटलं. ज्यांनी तुम्हाला विचारलं ते काका मी नव्हे, पण प्रश्न माझाही तोच असता, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

तुमचं वाचून आमच्या घरचा हरिपाठ आठवला. तोही रोज तोच. आमचे वडील म्हणायचे, शब्द रोज नवे शोधत बसलास तर लक्ष शब्दांकडे जातं, विठ्ठलाकडे जात नाही. आरतीच्या वेळी तरी कोण स्वतःचं काव्य करतो? तेव्हा पुस्तकातून प्रार्थना म्हणजे खोटी, असं निदान आपल्या मराठी माणसानं म्हणू नये.

माझे दोन प्रश्न. एक, प्रभुभोजनात द्राक्षारस लागतो असं ऐकलंय. आपल्या गुजरातमध्ये त्याचं काय करता? दोन, मध्येच सगळे उठतात, बसतात, गुडघे टेकतात. लग्नाला आलो होतो तेव्हा मला काही कळेना, पुढच्या माणसाकडे बघून करत राहिलो. त्याला काही नियम आहे का?

---

फत्तेगंजची_लेक

आहे, आणि सोपा आहे. स्तुती उभ्यानं, ऐकणं बसून, मागणं गुडघ्यावर. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचा भाग वाचताना मात्र ऐकायचं असूनही उभं राहतात, कारण ते प्रभूचे शब्द. मतांगीकार म्हणताना 'येशू ख्रिस्त' या नावापाशी जुनी माणसं मान लववतात. हे केलं नाही म्हणून कुणी बोलत नाही. तुम्ही पाहुणे असाल तर शांत बसून राहिलात तरी चालतं.

द्राक्षारसाचं विचारलंत ते बरं झालं. धार्मिक विधीसाठी दारूबंदी कायद्यात परवानगीची सोय आहे. तरी बऱ्याच मंडळ्या बिनआंबवलेला रसच वापरतात. आमच्याकडे काळ्या मनुका शनिवारी भिजत घालून, उकळून, फडक्यातून गाळायचं काम वर्षानुवर्षं आजीकडे होतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात आम्हाला मोठ्यानं बोलायला बंदी असायची. परंपरेचे कडवे लोक म्हणतील हे चूक आहे, आणि त्यांच्या बाजूला आधारही आहे: 1888 च्या लँबेथ परिषदेत, म्हणजे अँग्लिकन बिशपांच्या सभेत, बिशपांनी स्पष्ट म्हटलं होतं की खरा द्राक्षारस सोडून दुसरं काही वापरणं परंपरेला धरून नाही. मला दोन्ही बाजू समजतात. पण आजीच्या हातचा तो पेला मी कमी पवित्र मानू शकत नाही.

भाकर आणि पेला दोन्ही सगळ्यांना मिळतात. वेदीपुढच्या कठड्याशी रांगेनं गुडघे टेकायचे, उजव्या तळहाताखाली डावा हात धरायचा. ती भाकर प्रभूचं शरीर 'होते' का, यावर आमच्याकडे फार खोलात शिरत नाहीत. ख्रिस्त खरोखर मिळतो, पण आत्मिक रीतीनं, विश्वासानं घेणाऱ्याला. 'हे माझ्या स्मरणार्थ करा' असं तो म्हणाला, आम्ही करतो.

---

उघडं_आकाश

ताई, मी तुमच्याच परंपरेत वाढलो. आता आठ वर्षं मोकळ्या प्रार्थनेच्या सभेला जातो. तुम्हाला दुखवायचं नाही, पण दुसरी बाजूही इथे असावी म्हणून लिहितो.

मी सात वर्षांचा असल्यापासून मतांगीकार घडाघडा म्हणत होतो. दृढीकरणाच्या (लहानपणीचा बाप्तिस्मा मोठेपणी पक्का करण्याच्या विधीच्या) आधी तयारीचा वर्ग होता, तिथेही पाठ करून घेतलं. 'पंतय पिलाताच्या वेळी दुःख भोगलं' म्हणजे काय, हा पिलात कोण, तो प्रार्थनेत काय करतोय, हे मला कुणी सांगितलं नाही. माझे वडील दर रविवारी पापांगीकार म्हणायचे आणि घरी येऊन आईशी कसे वागायचे ते मी पाहिलंय. प्रभूनं स्वतः सांगितलंय ना, प्रार्थना करताना व्यर्थ बडबड करू नका? आणि यशयाचं वचन, हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात, पण त्यांचं अंतःकरण माझ्यापासून दूर आहे?

पहिल्यांदा सभेत माझ्या स्वतःच्या शब्दांत, अडखळत, रडत प्रार्थना केली, तेव्हा मला वाटलं की आता मी खरोखर कुणाशी तरी बोललो.

---

फत्तेगंजची_लेक

दादा, तुमचं दोनदा वाचलं. वडिलांबद्दल लिहिलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते पुस्तकाच्या बचावासाठी झटकणारही नाही. शब्द पाठ असूनही माणूस न बदलणं, हे आमच्या घरांतलं खरं दुखणं आहे. आणि मुलांना अर्थ न सांगता पाठ करायला लावलं, हा मोठ्यांचा दोष. पिलाताचंच घ्या. तो रोमन सुभेदार. तो तिथे आहे कारण येशूचं क्रुसावर जाणं कुठल्या तरी काळात, कुठल्या तरी गावात, एका सरकारी अधिकाऱ्याच्या सहीनं घडलं. हे एका वाक्यात कुणी सांगितलं असतं तर कदाचित तुम्हाला तो आपला वाटला असता.

पण माझी एक रात्र सांगते. 31 जुलै 2019. बडोद्यातल्या वाचकांना तारीख सांगायची गरज नाही. आम्ही तेव्हा समा भागात तळमजल्यावर राहत होतो. दिवसभर पाऊस थांबेना, विश्वामित्री भरली, वीज गेली. रात्री पाणी पायरी चढलं. मगरींच्या बातम्या फोनवर येत होत्या, मग फोनही बंद पडला. मी, आई आणि माझी मुलगी पलंगावर पाय वर घेऊन बसलो होतो. मी प्रार्थना करायला तोंड उघडलं आणि एक शब्द आला नाही. खरंच एकही नाही. भीतीनं मन कोरडं पडलं होतं.

तेव्हा आईनं अंधारात सुरू केलं. संध्याकाळच्या प्रार्थनेतली तिसरी छोटी प्रार्थना. तिचा भावार्थ असा: प्रभू, आमचा अंधार उजळ, आणि तुझ्या मोठ्या दयेनं या रात्रीच्या सगळ्या संकटांपासून आणि धोक्यांपासून आमचं रक्षण कर, तुझ्या एकुलत्या पुत्रावरच्या प्रीतीस्तव. बस, एवढीच. पावणेपाचशे वर्षांपूर्वी, विजेचा दिवा नसलेल्या काळात, त्याहूनही जुन्या लॅटिनवरून इंग्रजीत आणलेली. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला ती पाठ नव्हती, पण तिसऱ्या वेळी तीही म्हणू लागली.

तुम्ही रडत स्वतःच्या शब्दांत बोललात ते खरंच आहे. त्या रात्री माझ्याकडे स्वतःचे शब्द नव्हते, तेही तितकंच खरं आहे. मनात असेल तेव्हा बोलायला पुस्तक लागत नाही. मनात काहीच उरत नाही तेव्हा ते लागतं.

---

उघडं_आकाश

हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली तिलाही ती पाठ आहे. मला माहीतच नव्हतं.

---

वसईची_पोर

मी कॅथलिक. ताईंचं वर्णन वाचताना अर्ध्या गोष्टी आमच्याच वाटतात. ॲडव्हेंट (नाताळाआधीचे आठवडे), लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ), राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, जांभळे-पांढरे-हिरवे पोशाख. बिशप, धर्मगुरू, डीकन या तीन पायऱ्याही त्याच. मग नेमका फरक काय? पोप सोडून.

आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) म्हणजे अँग्लिकनच ना? बडोद्यातली माझी मैत्रीण एकदा हो म्हणते, एकदा नाही म्हणते.

---

जुनी_कागदपत्रं

मी ख्रिस्ती नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे, आणि बडोद्याच्या जुन्या कॅम्पबद्दल वाचताना या विषयात शिरलो. ताईंची परवानगी गृहीत धरून जरा लांब लिहितो.

फरकाचं आधी. अँग्लिकन चर्चची 39 कलमं आहेत, 1571 साली कायम झालेली. त्यातलं सहावं म्हणतं, तारणासाठी जे लागतं ते सगळं पवित्र शास्त्रात आहे. जे तिथे सापडत नाही ते मानण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. पंचविसावं म्हणतं, प्रभूनं स्वतः नेमलेले संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. दृढीकरण, विवाह वगैरे विधी आहेत, पण त्या पायरीचे नाहीत. अठ्ठाविसावं कलम भाकरीचं द्रव्यच बदलतं ही कॅथलिक शिकवण नाकारतं, ताईंनी वर तेच साध्या शब्दांत सांगितलं. मात्र शिशूंचा बाप्तिस्मा, तीन जुने मतांगीकार आणि प्रेषितांपासून हाताहातानं आलेली बिशपांची परंपरा यांनी सोडली नाही. म्हणून हे चर्च कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या मधल्या ओसरीत बसल्यासारखं दिसतं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते चोविसावं कलम: लोकांना न कळणाऱ्या भाषेत सार्वजनिक प्रार्थना करणं देवाच्या वचनाच्या विरुद्ध आहे. ज्या शतकात तिकडे लॅटिन सोडून लोकभाषेत प्रार्थनापुस्तक आलं, त्याच शतकात इकडे पैठणला एकनाथ महाराज मराठीसाठी भांडत होते. एकाला दुसऱ्याची वार्ताही नव्हती.

पण या गोष्टीला एक काटा आहे, आणि बडोदेकर मराठी माणसाला तो लगेच टोचेल. 1549 मध्ये इंग्रजी पुस्तक आलं तेव्हा डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये बंड झालं. कॉर्नवॉलच्या लोकांची एक तक्रार अशी होती की आमच्यातल्या कित्येकांना इंग्रजी येतच नाही. त्यांची बोली कॉर्निश होती. लोकभाषेचं पुस्तक आणलं खरं, पण ते दुसऱ्याच लोकांच्या भाषेत. बंड मोडलं गेलं, हजारो माणसं मेली. ताईंची 'रोटली आणि भाकर' वाचताना मला हेच आठवलं.

क्रॅन्मर यांचा शेवटही सांगायला हवा. कॅथलिक राणी मेरीच्या राज्यात दबावाखाली त्यांनी आपली मतं मागे घेतली होती. 21 मार्च 1556 रोजी ऑक्सफर्डला जिवंत जाळायला नेलं तेव्हा त्यांनी ती माघारच नाकारली आणि ज्या उजव्या हातानं सही केली तो आधी ज्वाळेत धरला. पुढे 1645 मध्ये संसदेनं हे पुस्तक बंदच केलं. 1657 च्या नाताळात जॉन एव्हलिन लंडनमध्ये चोरून होणाऱ्या उपासनेला गेला होता. तो रोजनिशीत लिहितो की प्रभुभोजन घ्यायला लोक पुढे गेले तेव्हा शिपायांनी त्यांच्यावर बंदुका रोखल्या होत्या. तरी लोक पुढे गेले. 'पुस्तकातली प्रार्थना' म्हणताना हे लक्षात असू द्यावं.

आता बडोदा. फत्तेगंजचं सेंट जेम्स चर्च छावणीतल्या इंग्रजांसाठी झालं आणि 1825 साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी त्याचं समर्पण केलं. गादीवर तेव्हा दुसरे सयाजीराव होते, हेबर त्यांनाही भेटले. त्याच दौऱ्यात नडियादला त्यांची आणि सहजानंद स्वामींची भेट झाली. पुढच्याच वर्षी ते त्रिचनापल्लीला वारले.

त्याच 1825 साली झाशीजवळ एका कोकणस्थ घरात नीळकंठ गोरे जन्मले. काशीत वाढले, षड्दर्शनांचे पंडित झाले, मिशनऱ्यांचा पाडाव करायला गेले आणि 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेमिया गोरे झाले. पुढे अँग्लिकन धर्मगुरू. पंडिता रमाबाईंच्या विचारावर त्यांच्या लिखाणाचा परिणाम झाला. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन भगिनींच्या मठात राहत असताना बाप्तिस्मा घेतला खरा, पण अथानासियसचा मतांगीकार (वरच्या तीन जुन्यांपैकी एक) आणि त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही मांडणी त्यांनी मुकाट्यानं स्वीकारली नाही. त्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घालत राहिल्या. ज्या बाईनं शास्त्र्यांचं ऐकलं नाही ती बिशपांचं तरी मुकाट का ऐकेल?

आणि पुण्याचं पंचहौद मिशन, जिथे 1890 मध्ये टिळक-रानड्यांच्या चहावरून गाव पेटलं, तेही अँग्लिकनच. आपल्याला चहा आठवतो, पण तिथे रोज सकाळ-संध्याकाळ याच पुस्तकाची प्रार्थना होत असे, हे कुणी लिहीत नाही.

सीएनआयचं थोडक्यात: 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन ते झालं. अँग्लिकन हे त्या सहांपैकी एक. म्हणून तुमच्या मैत्रिणीची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

---

लीड्सचा_बडोदेकर

वरच्या प्रतिसादात एक भर. सगळ्यांना असली एकी मान्य नव्हती. भारतातही काही जण बाहेर राहिले, पश्चिमेत तर वेगळ्या कारणांनी फुटले. अमेरिकेत 1977 मध्ये सेंट लुईसला जमून एका गटानं जाहीरनामा काढला आणि वेगळी वाट धरली. स्त्रियांना धर्मगुरू करणं आणि प्रार्थनापुस्तक बदलणं, हे दोन मुख्य मुद्दे. 'पारंपरिक अँग्लिकन' म्हणतात ते बहुतेक हे लोक, किंवा मूळ चर्चमध्ये राहूनही जुनं पुस्तक धरून बसलेले.

मी इथे ज्या छोट्या मंडळीत जातो तिथे रविवारी सकाळी आठला 1662 चं प्रभुभोजन असतं. गाणं नाही, वाद्य नाही, पंधरा-वीस माणसं, बहुतेक सत्तरीपुढची. मी त्यांच्यातला नाही, माझ्या आईकडून आम्ही वारकरी. पहिल्या हिवाळ्यात एकटेपणानं वेडा व्हायची वेळ आली होती म्हणून दार उघडं दिसलं तिथे शिरलो. कुणी नाव विचारलं नाही, धर्म विचारला नाही. शेजारच्या आजीबाईंनी पुस्तकाचं पान काढून दिलं आणि ओळीवर बोट ठेवलं. सात वर्षं झाली, त्या अजून ठेवतात.

स्त्रियांच्या प्रश्नावर मात्र मी त्या मंडळीशी सहमत नाही. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 1994 पासून स्त्रिया धर्मगुरू आहेत. शब्द जपा, पण ते उच्चारणारा गळा पुरुषाचाच हवा हे मला पटत नाही.

---

फत्तेगंजची_लेक

मलाही नाही. माझ्या लहानपणी घरातली प्रार्थना चालवणारी आजीच होती. आजोबा 'आमेन' म्हणायचे. आमच्या घरी परंपरा टिकली ती गोधडीच्या दोऱ्यानं पुस्तक शिवणाऱ्या बाईमुळे. हे कुणाला मान्य नसेल तर नसो, मी त्यावर वाद घालणार नाही.

@जुनी_कागदपत्रं, कॉर्नवॉलचं मला ठाऊक नव्हतं. गुजराती उपासना मला परकी नाही, मी शाळाही गुजरातीत शिकले. पण आई देवळात गुजरातीत म्हणते आणि डोळे मिटले की ओठ मराठीत हलतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

---

दांडिया_बाजारकर

मध्येच विचारतो. दफनाच्या वेळी माती टाकताना पाळकसाहेब काही म्हणाले तेव्हा सगळे एकदम स्तब्ध झाले. ते काय होतं?

---

फत्तेगंजची_लेक

मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ. आणि लगेच त्याच वाक्यात, श्वास न तोडता, पुनरुत्थानाची निश्चित आशा. मधे पूर्णविराम नाही. माती पेटीवर पडल्याचा आवाज येत असतो आणि वाक्य पुढे चाललेलं असतं. मामांच्या वेळी मला तो पूर्णविराम नसणं पहिल्यांदा ऐकू आलं. काकांना मी फाटकाशी हे सांगायला हवं होतं. मनातलं त्या दिवशी माझ्याकडे फक्त रडणं होतं, आशा पुस्तकात होती.

---

शरणपूर_रोड

ताई, नाशिकहून. उशिरा धागा पाहिला. सासऱ्यांच्या पेटीत जुनं मराठी प्रार्थनापुस्तक आहे, पहिलं पान नाही त्यामुळे साल सांगता येत नाही, पण संध्याकाळची प्रार्थना पूर्ण आहे. मरियेचं गीत, शिमोनाचं गीत, मतांगीकार, तिन्ही छोट्या प्रार्थना. कडा वाळवीनं खाल्ल्यात, अक्षर वाचता येतं. आज उन्हात धरून फोटो काढलेत. इथल्या निरोपातून पत्ता द्या, छापून टपालानंही पाठवते. आईंना मोठ्या अक्षरात हवं असेल ना?

---

फत्तेगंजची_लेक

हो, मोठ्या अक्षरात. वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू.

---

फत्तेगंजची_लेक

अकरा दिवसांनी लिहितेय. पानं आली. वहिनींनी स्वतः टाइप करून, ठळक अक्षरात, मूळच्या जुन्या लेखनासकट पाठवली आणि मागच्या बाजूला फोटोची प्रत लावली, म्हणजे जुळवून बघता येईल. मी ती आजीच्या पुस्तकात रिकाम्या जागी ठेवली. शिवली नाहीत अजून, त्या जाडीचा दोरा मिळत नाहीये.

काल चार तारीख होती. संध्याकाळी आई, मी, मुलगी बसलो. मेंढपाळाचं स्तोत्र आईला पाठ, तिथे ती आमच्या पुढे होती. शिमोनाच्या गीतापाशी नेहमीप्रमाणे थांबली. मी पान तिच्यापुढे धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं. तिनं सावकाश वाचलं. म्हातारा शिमोन बाळ येशूला हातात घेऊन म्हणतो, प्रभू, आता तुझ्या दासाला शांतीनं जाऊ दे, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पूर्ण झालं तेव्हा तिनं मान वर केली नाही. परत पहिल्या ओळीवर गेली आणि एका शब्दावर नख टेकवून म्हणाली, "हे चुकलंय. आई इथे असं म्हणायची नाही."

मी फोटो काढून बघितला. छापलेलं वहिनींनी लिहिलंय तसंच आहे. आईला सांगितलं. ती म्हणाली, "छापलेलं असू दे. आपल्या घरात असं नाही म्हणत."

आईनं सांगितलेला शब्द मी पेन्सिलीनं समासात लिहून ठेवला. आज संध्याकाळी मुलीनं तोच म्हटला.